कनेक्शन पूलचा आकडा वाढवण्याआधी कनेक्शन कुठं अडकतं ते बघा

चवथीच्या आदल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीला गोव्यातल्या मेसेज पाठवणाऱ्या सिस्टिमांची कसोटी लागते. हॉटेलांची बुकिंगं, बसची तिकिटं, पतसंस्थांच्या हप्त्यांची आठवण, दुकानांच्या ऑफर्स, सगळं एकदम रांगेत येतं. कन्झ्युमर, म्हणजे रांगेतून मेसेज उचलून पाठवणारे प्रोग्रॅम, मागं पडतात, रांग फुगते आणि लॉगमध्ये हिकारीसीपीची (डेटाबेसची कनेक्शनं उघडून तयार ठेवणारा साठा, म्हणजे कनेक्शन पूल, सांभाळणारी जावाची लायब्ररी) ओळखीची तक्रार सुरू होते: कनेक्शन उपलब्ध नाही, ३०००० मिलिसेकंद वाट बघून विनंती सोडून दिली. यावर हमखास होणारा उपाय म्हणजे 'मॅक्सिमम पूल साइझ' १० वरून ५० करणं. रांग थोडी हलते, मग डेटाबेसचा सीपीयू शंभर टक्क्यांना टेकतो आणि मेसेजबरोबर बुकिंगची वेबसाइटही बसते.

पूलचा आकडा हे हिशेबाच्या शेवटी येणारं उत्तर आहे, सुरुवातीला फिरवायचं बटण नव्हे. एका मेसेजसाठी कनेक्शन किती वेळ हातात धरलं जातं ते आधी मोजा. तो वेळ उतरला की लागणारा आकडाही उतरतो, आणि डेटाबेसला लहान आकडाच झेपतो.

हिशेबाला लागतो तो जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम: एका वेळी आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले आत थांबण्याचा वेळ. समजा सेकंदाला २०० मेसेज जातायत. प्रत्येकासाठी दोन छोटी ट्रान्झॅक्शनं (डेटाबेसवर एकगठ्ठा होणारी कामं), एकेक ८ मिलिसेकंदांचं, म्हणजे कनेक्शन एकूण १६ मिलिसेकंद हातात. २०० गुणिले ०.०१६ बरोबर ३.२. सरासरीवर पूल बांधू नये, कारण मेसेज घोळक्यानं येतात. अडीचपट धरा, ८ झाले. आता काम तेच, पण एसएमएस गेटवेला (आपले मेसेज मोबाइल कंपन्यांकडं पोचवणाऱ्या सेवेला) जाणारा एचटीटीपी कॉल ट्रान्झॅक्शनच्या पोटात आहे आणि त्याला ३०० मिलिसेकंद लागतात. २०० गुणिले ०.३१६, म्हणजे ६३. सणाच्या दिवशी गेटवे मंदावून २ सेकंद घ्यायला लागला तर ४०० च्या वर. डेटाबेसचं काम कणभरही वाढलेलं नाही, तरी कनेक्शनं ३ वरून ४०० वर गेली. आपण गेटवेची वाट डेटाबेसचं कनेक्शन हातात धरून बघतोय, एवढंच झालंय.

जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये हे सहज होऊन जातं. कन्झ्युमरच्या मेथडवर ट्रान्झॅक्शनलचं ॲनोटेशन लावलं की मेथड संपेपर्यंत कनेक्शन सुटत नाही. शिवाय स्प्रिंग बूटमध्ये 'ओपन इन व्ह्यू' हे सेटिंग मुळातच चालू असतं. वेब रिक्वेस्टमधली पहिली क्वेरी झाली की कनेक्शन उत्तर जाईपर्यंत अडकून राहू शकतं. ते बंद करा.

काम तीन तुकड्यांत मोडायचं. पहिल्या ट्रान्झॅक्शनमध्ये मेसेज ताब्यात घ्यायचे: 'सिलेक्ट फॉर अपडेट स्किप लॉक्ड' वापरून ५० ओळी उचला, स्थिती 'पाठवतोय' करा, सोबत मुदत लिहा, उदाहरणार्थ आत्तापासून २ मिनिटं, आणि कमिट करा, म्हणजे बदल पक्के करा. स्किप लॉक्ड पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ९.५ व्हर्जनपासून आणि मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून आहे. त्यामुळं दुसऱ्या कन्झ्युमरनं धरलेल्या ओळी वगळून पुढं जाता येतं, सगळे एकाच ओळीपाशी खोळंबत नाहीत. मग कनेक्शन सोडून गेटवेला कॉल करायचा. उत्तर आलं की दुसरं ट्रान्झॅक्शन: निकाल लिहा, कमिट, संपलं.

यात एक फट राहते. मेसेज गेला आणि निकाल लिहायच्या आत प्रोसेस मेली, तर मुदत संपल्यावर दुसरा कन्झ्युमर तोच मेसेज पुन्हा पाठवेल. म्हणून प्रत्येक मेसेजला आपला कायमचा संदर्भ क्रमांक द्या आणि तो गेटवेला पाठवा. दुबार आलेला संदर्भ ओळखणारा गेटवे असेल तर दुसरा एसएमएस जात नाही. मुदत गेटवेच्या टाइमआउटपेक्षा भरपूर मोठी ठेवा. त्यातही ५० ओळी एकामागून एक पाठवत असाल तर पन्नासाव्या ओळीची मुदत पहिलीबरोबरच सुरू झालेली असते हे धरून चला. गेटवे २ सेकंदांवर गेला तर ५० ओळींना १०० सेकंद लागतात, म्हणजे २ मिनिटांची मुदत जेमतेम पुरते.

अशा टेबलाला दोन गोष्टी हव्यातच. 'बाकी' स्थितीतल्याच ओळींचा पार्शल इंडेक्स, नाहीतर ओळी ताब्यात घेणारी क्वेरीच हळूहळू जड होते. आणि ऑटोव्हॅक्यूम (बदललेल्या-पुसलेल्या, म्हणजे मेलेल्या ओळी आपोआप साफ करणारी सोय) लवकर चालेल अशी तरतूद: पोस्टग्रेसचा मूळ स्केल फॅक्टर ०.२ आहे, म्हणजे टेबलाचा साधारण पाचवा भाग मेलेल्या ओळींनी भरेपर्यंत व्हॅक्यूम येत नाही. रांगेच्या टेबलापुरता तो ०.०१ करा.

तुकडे केले की थ्रेडची (प्रोग्रॅममधल्या, एका वेळी एक मेसेज हाताळणाऱ्या कामकऱ्यांची) संख्या आणि कनेक्शनची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी होतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच. थ्रेड पूर्ण ३१६ मिलिसेकंद गुंतलेला असतो, म्हणून थ्रेड ६३ च्या वर, समजा ८०. कनेक्शन १६ मिलिसेकंदच गुंततं, म्हणून पूल ८. ऐंशी थ्रेडना आठ कनेक्शनं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण हिशेब तोच सांगतो.

आता अंतराचा मुद्दा. इथल्या बऱ्याच छोट्या कंपन्यांची मांडणी अशी असते की ॲप्लिकेशन पणजी-पर्वरीच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर आणि डेटाबेस मुंबई रीजनच्या क्लाउडवर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. केबलची लांबी ६०० किलोमीटर धरली तर जायला ३ आणि यायला ३, अशी ६ मिलिसेकंदं निव्वळ अंतराची. राउटर, वळसे, गर्दी हे सगळं त्यावर. फेरी १२ मिलिसेकंदांची धरा. एका ट्रान्झॅक्शनमध्ये चार वेगवेगळ्या स्टेटमेंट आणि कमिट असेल तर पाच फेऱ्या, ६० मिलिसेकंदं, आणि त्यातला डेटाबेसचा खरा कामाचा वेळ कदाचित ३. उरलेला वेळ कनेक्शन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून रिकामं बसलेलं, आणि लॉक हातात.

उपाय दोन. पहिला आणि बरा: कन्झ्युमर डेटाबेसच्या रीजनमध्येच चालवा, ऑफिसात फक्त स्क्रीन राहू दे. ते जमत नसेल तर फेऱ्या कमी करा. शोधणं, अपडेट करणं आणि ओळी परत आणणं हे पोस्टग्रेसमध्ये 'विथ' आणि 'रिटर्निंग' वापरून एकाच स्टेटमेंटमध्ये बसतं. ऑटोकमिट चालू ठेवलं तर पाचाची एक फेरी होते. पूल दुप्पट करून जे मिळालं असतं त्याच्या कितीतरी जास्त यातून मिळतं.

पूल मोठा केला की नेमकं काय बिघडतं? पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची एक स्वतंत्र प्रोसेस. चार कोअरच्या मशिनवर ४० प्रोसेस एकदम कामाला लागल्या तर त्या चारच कोअरवर आळीपाळीनं चालणार, एकमेकींचे लॉक अडवणार, कॅश विस्कटणार. चोडणच्या फेरीबोटीचा धक्का एकच असेल तर नदीत आणखी दहा बोटी सोडून माणसं लवकर पलीकडं जात नाहीत, तसंच हे. मेमरीचंही आहे: 'वर्क मेम' मुळात ४ एमबी असतं, पण ते प्रत्येक सॉर्ट किंवा हॅशला लागू होतं, कनेक्शनला एकदा नव्हे. कोणी ते ६४ एमबी करून ठेवलं असेल आणि १०० कनेक्शनांवर जड रिपोर्ट चालले, तर मशिन मेमरीत मार खाणार.

पोस्टग्रेसच्या मंडळींचं जुनं सूत्र आहे: कोअर गुणिले दोन, अधिक डिस्कच्या तबकड्या. चार कोअरला नऊ-दहा. एसएसडीवर तबकड्यांचा भाग फारसा लागू नाही, पण सुरुवातीला हे पुरतं. क्लाउडवर एक दक्षता: इंटेलच्या मशिनवर दोन व्हीसीपीयू म्हणजे बहुधा एकच खरा कोअर असतो. आणि हा आकडा डेटाबेसवर येणाऱ्या सगळ्या कनेक्शनांचा आहे, एका पॉडचा (ॲप्लिकेशनच्या एका चालू प्रतीचा) नव्हे. इथं बेरीज चुकते. 'मॅक्स कनेक्शन्स' मुळात १००, त्यातली ३ सुपरयूझरसाठी राखीव, उरली ९७. सहा पॉड, प्रत्येकी पूल १५, झाले ९०, बसलं. मग दुपारी नवं व्हर्जन टाकलं. पॉड चालवणाऱ्या कुबरनेटिसचा 'मॅक्स सर्ज', म्हणजे व्हर्जन बदलताना किती जादा पॉड चालतील ते, मुळात २५ टक्के, सहाचे दीड, वर पूर्ण करून २. आठ पॉड, १२० कनेक्शनं, आणि पोस्टग्रेस 'टू मेनी क्लायंट्स' म्हणून दार लावून घेतो. बंद होत असलेले जुने पॉडही काही वेळ आपली कनेक्शनं धरून असतात, तीही मोजा.

कन्झ्युमरची सेटिंग्ज पूलशी जुळलेली नसतील तर सगळा हिशेब फसतो. काफ्का या मेसेजच्या रांगा सांभाळणाऱ्या सिस्टिमचा कन्झ्युमर एका खेपेला मुळात ५०० रेकॉर्ड उचलतो आणि पुढची खेप ५ मिनिटांत मागितली नाही तर त्याला गटाबाहेर काढलं जातं. म्हणजे एका रेकॉर्डला सरासरी ६०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला आणि काम एकामागून एक चालू असलं, की मुदत हुकली. गेटवे ३०० वरून ७०० वर गेला की ५०० रेकॉर्डना ३५० सेकंद. कन्झ्युमर बाहेर, गटाची पुन्हा वाटणी, तेच रेकॉर्ड दुसऱ्याकडं, तोही हुकतो. लॉगमध्ये हे डेटाबेसच्या दुखण्यासारखं दिसतं, कारण तीच कामं दुबार-तिबार पूलवर येतात. 'मॅक्स पोल रेकॉर्ड्स' ५० वर आणा. रॅबिटएमक्यू या दुसऱ्या रांगेच्या सिस्टिमसोबत स्प्रिंग वापरत असाल तर प्रीफेच, म्हणजे कन्झ्युमरकडं आगाऊ दिले जाणारे मेसेज, मुळात २५० आहे. एका कन्झ्युमरनं २५० मेसेज उशाशी घेऊन बसायचं आणि शेजारचा रिकामा, असं होतं. एसएमएससारख्या सावकाश कामाला १० ते २० पुष्कळ.

कनेक्शन मिळालं नाही म्हणून मेसेज लगेच रांगेत परत टाकणं हा तर आगीत तेल ओतण्याचा प्रकार. तो त्याच क्षणी पुन्हा येतो, पुन्हा फसतो. डेड लेटर रांगेतून (फसलेले मेसेज बाजूला ठेवायच्या रांगेतून) काही सेकंदांच्या विलंबानं परत येऊ द्या. आणि कायमची चूक असलेले मेसेज परत पाठवूच नका: डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसचे नमुने आधी नोंदवायच्या व्यवस्थेवर) नोंदवलेल्या टेम्प्लेटशी मजकूर जुळत नसेल तर शंभर वेळा पाठवूनही तो जाणार नाही, फक्त शंभर वेळा कनेक्शन खाईल.

पूल पूर्ण थिजवणारी चूक वेगळीच आहे. मेसेज हाताळताना बाहेरचं ट्रान्झॅक्शन उघडं असताना ऑडिट लॉगसाठी 'रिक्वायर्स न्यू' म्हणून दुसरं उघडलं, तर एका थ्रेडला एका वेळी दोन कनेक्शनं लागतात. आठ थ्रेड, पूल आठचा. आठही जणांनी पहिलं कनेक्शन घेतलं आणि आठही दुसऱ्याची वाट बघत बसले. डेटाबेस निवांत, सीपीयू शून्याजवळ, आणि ३० सेकंद काहीही हलत नाही. हिकारीचंच सूत्र सांगतं की थ्रेड गुणिले (एका थ्रेडला लागणारी कनेक्शनं वजा एक) अधिक एक, इतका किमान पूल हवा: ८ गुणिले १ अधिक १, म्हणजे ९. पण ८० थ्रेड आणि ८ कनेक्शनं अशी रचना ठेवायची तर हे आतलं दुसरं ट्रान्झॅक्शन काढूनच टाकावं लागेल. ऑडिटची ओळ त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा किंवा नंतर.

पॉड जास्त असतील तर मध्ये पीजीबाउन्सर (सगळ्या पॉडना पोस्टग्रेसची थोडी कनेक्शनं वाटून देणारा प्रोग्रॅम) बसवा, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये. त्याचा 'डीफॉल्ट पूल साइझ' २० आहे, पण तो दर यूझर-डेटाबेस जोडीला वेगळा. चार सेवा चार यूझरनी येत असतील तर डेटाबेसवर ८० पोचतात, २० नव्हे. या मोडमध्ये प्रत्येक ट्रान्झॅक्शनला मागचं कनेक्शन वेगळं मिळू शकतं, म्हणून सेशनला चिकटलेलं काहीही टिकत नाही: सेशन पातळीचे ॲडव्हायझरी लॉक, साधा 'सेट' (त्याऐवजी 'सेट लोकल'), आणि 'लिसन'. नवा मेसेज आल्याची वर्दी 'लिसन-नोटिफाय'वर घेत असाल तर तेवढं एक कनेक्शन पूलच्या बाहेर, थेट ५४३२ पोर्टवर ठेवा. प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा, म्हणजे सर्व्हरवर आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरीचा, घोळ तर फसवाच. पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर तीच क्वेरी पाचव्यांदा चालवताना सर्व्हरवर नावानं प्रिपेअर करतो, त्यामुळं हातानं चारदा करून बघितलं तर सगळं ठीक, आणि प्रत्यक्षात मेसेज वाहायला लागले की 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट अस्तित्वात नाही'. पीजीबाउन्सर १.२१ पासून 'मॅक्स प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स' देऊन हे सुटतं. जुन्या व्हर्जनवर ड्रायव्हरचा 'प्रिपेअर थ्रेशोल्ड' शून्य करा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर वीज जाणार, फायबर तुटणार, हे इथं गृहीतच धरायचं. लाइन तुटते तेव्हा दोन्ही टोकांना कळवायला कोणी नसतं. ॲप्लिकेशननं क्वेरी पाठवली, डेटाबेसनं पोच दिली, आणि उत्तर यायच्या आत लाइन गेली, तर ॲप्लिकेशनचा सॉकेट नुसता वाट बघत राहतो. जावा ड्रायव्हरचा 'सॉकेट टाइमआउट' मुळात ०, म्हणजे अमर्याद, आणि 'टीसीपी कीप अलाइव्ह' (समोरचं टोक जिवंत आहे का याची अधूनमधून चौकशी) मुळात बंद. चालू केला तरी लिनक्स पहिली चौकशी ७२०० सेकंदांनी करतो, दोन तासांनी. आठ कनेक्शनं अशी मेली की लाइन परत आल्यावरही पूल भरलेलाच दिसतो, आणि लोक ॲप्लिकेशन रीस्टार्ट करून मोकळे होतात. 'सॉकेट टाइमआउट' तुमच्या सगळ्यात लांब प्रामाणिक क्वेरीपेक्षा थोडा जास्त ठेवा. मेसेजच्या कन्झ्युमरला १० सेकंद भरपूर. मोठे रिपोर्ट त्याच पूलवर चालत असतील तर आधी ते वेगळ्या पूलवर हलवा.

पलीकडच्या टोकाला याहून वाईट होतं. ट्रान्झॅक्शन अर्धवट उघडं, लॉक धरलेले, आणि व्हॅक्यूमला त्या क्षणानंतर मेलेल्या ओळी साफ करता येत नाहीत, म्हणून रांगेचं टेबल फुगतं. पोस्टग्रेसवर कीपअलाइव्ह आयडल ६०, इंटरव्हल १०, काउंट ३ करा, म्हणजे दीड मिनिटात मेलेलं कनेक्शन सुटेल. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट' मुळात बंद असतो, तो १५ सेकंद करा. मधल्या उपकरणांचाही विचार करा: एडब्ल्यूएस क्लाउडचा नॅट गेटवे (एसएमएसचा नव्हे, नेटवर्कची बाहेर जाणारी वाहतूक नेणारा) ३५० सेकंद शांत राहिलेलं कनेक्शन टाकून देतो, तर हिकारीचं 'मॅक्स लाइफटाइम' ३० मिनिटांचं. रात्री मेसेज नसतात, सकाळचा पहिला अडकतो. 'कीप अलाइव्ह टाइम' २ मिनिटं ठेवलं की हे थांबतं.

डिलिव्हरी रिपोर्टबद्दल थोडक्यात. गेटवेकडून प्रत्येक एसएमएसमागं एक कॉलबॅक येतो, बहुतेक ठिकाणी एक कॉलबॅक म्हणजे एक अपडेट आणि एक कमिट. ते आधी रांगेत टाका आणि शंभर-शंभर एका स्टेटमेंटमध्ये लिहा. त्या ट्रान्झॅक्शनपुरतं 'सिंक्रोनस कमिट' (डिस्कवर लिहून होईपर्यंत कमिटनं थांबणं) बंद केलं तरी चालेल: सर्व्हर कोसळला तर मूळ सेटिंगवर जास्तीत जास्त ६०० मिलिसेकंदांची कामं जातात, डेटा बिघडत नाही. डिलिव्हरी रिपोर्टला हे परवडतं. पैशाच्या नोंदीला अजिबात नाही.

मोजताना चालू कनेक्शनांचा आलेख बघून फारसं कळत नाही. हिकारीचे 'पेंडिंग' (कनेक्शनची वाट बघणारे थ्रेड) आणि 'युसेज' (कनेक्शन हातात राहिल्याचा वेळ) बघा. पेंडिंग वर आणि युसेज लांब, तर कनेक्शन कुठंतरी धरून ठेवलंय. पूल वाढवू नका. पेंडिंग वर, युसेज आखूड आणि डेटाबेसच्या सीपीयूला जागा, एवढ्याच स्थितीत आकडा वाढवायचा. पोस्टग्रेसवर 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी'मध्ये स्थिती आणि वेट इव्हेंटनुसार ओळी मोजा: 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' आणि 'क्लायंट रीड' जास्त असतील तर डेटाबेस तुमच्या कोडची वाट बघतोय. पीजीबाउन्सर असेल तर 'शो पूल्स'मधला 'मॅक्सवेट', म्हणजे सगळ्यात जुन्या विनंतीनं किती वाट बघितली तो आकडा, शून्याच्या वर टिकतोय का तेवढं पुरे.

चाचणीत पूल ४ पासून सुरू करा, मग ६, ८, १२, १६, प्रत्येक पायरीला दहा मिनिटं खऱ्या मापाचा भार, गेटवेच्या जागी मुद्दाम ३०० मिलिसेकंद आणि नंतर २ सेकंद उशीर करणारा नकली सर्व्हर. सेकंदाला जाणारे मेसेज वाढणं थांबून शंभरातल्या सगळ्यात सावकाश एका मेसेजचा वेळ चढायला लागला की त्याच्या आधीची पायरी घ्या. हिकारीचं 'लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड' (कनेक्शन इतक्या वेळात परत आलं नाही तर लॉगमध्ये लिहिणारं सेटिंग) चाचणीभर ५ सेकंदांवर चालू ठेवा. २ सेकंदांवरच्या नकली गेटवेबरोबर त्याची एकही ओळ लॉगमध्ये आली, तर त्या ओळीखालच्या स्टॅक ट्रेसमध्ये कनेक्शन कोणत्या मेथडनं घेतलं ते लिहिलेलं असतं. ती मेथड उघडा.